गटिंगची वही : रॅकेट क्रमांक १३७

काल रात्री साडेदहाला १३७वी रॅकेट गटिंग करून, म्हणजे नवी स्ट्रिंग (गट) विणून, मशीनवरून उतरवली. मशीन घरात येऊन अकरा महिने झाले. मागच्या नोंदीनंतर बराच खंड पडला, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

आधी कामाचं. एका बॅडमिंटन रॅकेटला आता मला पाऊण तास लागतो. पहिलीला पावणेतीन तास लागले होते आणि शेवटच्या क्रॉसपर्यंत, म्हणजे आडव्या स्ट्रिंगपर्यंत, बोटांची टोकं सोलून निघाली होती. माझं मशीन साधं, वजनाच्या दांडीचं आहे. दांडीवर वजन हव्या त्या आकड्याला सरकवायचं, स्ट्रिंग पकडीत धरायची आणि दांडी खाली सोडायची. ती बरोबर आडवी येऊन थांबली की ताण बसला. तिरकी राहिली तर पकड सोडून पुन्हा घ्यायचं. सुरुवातीला मी ‘एवढं चालतं’ म्हणून पुढे जायचे. आता एकही स्ट्रिंग तशी सोडत नाही. मेन, म्हणजे उभ्या स्ट्रिंग, २४ पाउंडच्या ताणावर असतील तर क्रॉस २६वर घेते, म्हणजे फ्रेमचा आकार टिकतो.

फेब्रुवारीत एक फ्रेम माझ्या हातून गेली, तेही लिहून ठेवते. रामबागेतल्या अकरावीच्या एका मुलीची रॅकेट होती. मी एका बाजूच्या पाच मेन सलग ओढल्या, दुसरी बाजू रिकामीच. सहाव्या मेनला वजन सोडलं आणि डावीकडे वर ‘कट्’ असा बारीक आवाज आला. हात फिरवला तर रंगाखाली केसाएवढी चीर लागली. मुलगी काहीच बोलली नाही, त्याचंच मला जास्त लागलं. माझी स्वतःची रॅकेट मी तिला दिली. तेव्हापासून दोन उजवीकडे, दोन डावीकडे, असंच मध्यापासून बाहेर जाते. नवीन शिकणाऱ्यांनी हे एवढं तरी पाठ करावं.

आता वहीतला तो आकडा, ज्यासाठी खरं म्हणजे ही नोंद लिहायला घेतली. १३७पैकी टेनिसच्या रॅकेटी किती? सहा. उरलेल्या १३१ बॅडमिंटनच्या.

डिसेंबर-जानेवारीत संध्याकाळी इकडे मध्य प्रदेशात आमच्या भागात फिरून बघा. दर दुसऱ्या गल्लीत चुन्याच्या रेघा, दोन बांबू, वर लोंबता बल्ब. पोरं येऊन ओरडतात, ‘‘काकू, चौबीस पे कर दो!’’ स्वस्त ॲल्युमिनियमच्या फ्रेमला चोवीस पाउंड झेपत नाहीत, हे मी प्रत्येकाला दाखवून सांगते आणि वीसवर करून देते. टेनिसला अशी गल्ली मिळत नाही. टेनिसचं कोर्ट २३.७७ मीटर लांब आणि १०.९७ मीटर रुंद, बॅडमिंटनचं १३.४० बाय ६.१०. नुसत्या क्षेत्रफळाचा हिशेब केला तरी एक टेनिस कोर्ट तीन बॅडमिंटन कोर्टांहून मोठं भरतं.

पण टीव्हीसमोर बसलं की चित्र उलटं होतं. आमचे मामंजी विम्बल्डनचे पंधरा दिवस दुपारची झोप घेत नाहीत. त्यांच्या मित्रांपैकी प्रत्येकाला चारही ग्रँड स्लॅमचे विजेते तोंडपाठ आहेत. बॅडमिंटनची ऑल इंग्लंड स्पर्धा मार्चमध्ये होते, १८९९पासून होते, हे त्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. पैशाचं तर विचारूच नका. २०२४च्या यूएस ओपनमध्ये एकेरीच्या विजेत्याला ३६ लाख डॉलर मिळाले. त्याच वर्षीची चायना ओपन ही बॅडमिंटनच्या मोठ्या बक्षिसांच्या स्पर्धांपैकी एक. तिथली सगळ्या गटांची मिळून रक्कम २० लाख डॉलर, एकेरी जिंकणाऱ्याच्या वाट्याला १ लाख ४० हजार. जागतिक अजिंक्यपद जिंकलं तर पदक मिळतं, बक्षिसाचा पैसा नाही.

याचं एक कारण मला काळाचं वाटतं. टेनिस १९६८ साली व्यावसायिक खेळाडूंना खुलं झालं. बॅडमिंटनला तेच करायला १९७९-८० उजाडलं. प्रकाश पदुकोण यांनी १९८०मध्ये लिम स्वी किंगला हरवून ऑल इंग्लंड जिंकली, तेव्हा त्या खेळात पैसा नुकता कुठे शिरत होता. ऑलिंपिकमध्ये पदकासाठीचं बॅडमिंटन आलं ते १९९२ला, बार्सिलोनात. त्या वर्षी सुसी सुसांती आणि ॲलन बुदिकुसुमा यांनी इंडोनेशियाला तिच्या इतिहासातली पहिली दोन सुवर्णपदकं मिळवून दिली. म्हणजे लोकप्रियता नाही असं नाही. ती जकार्ता, क्वालालंपूर, कोपनहेगन अशा ठिकाणी एकवटलेली आहे आणि जाहिरातदारांचं मोठं पैशाचं जग दुसरीकडे आहे.

दुसरं कारण कॅमेऱ्याचं, आणि हे मी ठामपणे सांगते. कोर्टाच्या मागून, उंचावरून बघितलं की स्मॅशचा, म्हणजे वरून खाली मारलेल्या जोरदार फटक्याचा, उतार दिसतच नाही. भारताच्या सात्विकसाईराजने २०२३मध्ये चाचणीत नोंदवलेला स्मॅश ताशी ५६५ किलोमीटरचा होता. टेनिसची सर्वांत वेगवान म्हणून सांगितली जाणारी सर्व्हिस आहे २६३ची. पण सोळा पिसांचं, जेमतेम पाच ग्रॅमचं ते फूल, म्हणजे शटल, हवेत लगेच मंदावतं, म्हणून पडद्यावर सगळं सोपं, हलकं वाटतं. मागच्या पावसाळ्यात इथल्या एका हॉलमध्ये मी मामंजींना पहिल्या रांगेत बसवलं, कोर्टाच्या बाजूला, जमिनीच्या पातळीवर. पहिल्याच रॅलीत त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. गेम संपल्यावर म्हणाले, ‘‘अगं, हे तर कधी दिसलंच नव्हतं.’’

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी त्यांना नंदू नाटेकरांबद्दल विचारलं. नाव ऐकून त्यांचे डोळे चमकले. सांगलीचे नाटेकर आधी टेनिस खेळायचे. १९५१-५२च्या ज्युनिअर राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात रामनाथन कृष्णन यांच्याकडून हरले आणि बॅडमिंटनकडे वळले. १९५६ला क्वालालंपूरला सेलांगरची स्पर्धा त्यांनी जिंकली, परदेशात विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. १९६१ला अर्जुन पुरस्कार सुरू झाला, त्याच्या पहिल्या मानकऱ्यांत ते होते. आणि मुलगा गौरव पुन्हा टेनिसमध्ये गेला, १९९४ला हिरोशिमाच्या आशियाई खेळांत लिएंडर पेससोबत दुहेरीचं सुवर्ण घेऊन आला. एकाच घरात दोन्ही रॅकेटी. मामंजी टेनिसचे, मी बॅडमिंटनची, त्यामुळे आमच्या घरात ही गोष्ट आता दोघांच्याही आवडीची झाली आहे.

टेनिसच्या त्या सहा रॅकेटींनी मात्र मला खूप शिकवलं. बॅडमिंटनची स्ट्रिंग ०.७० मिलिमीटरच्या आतबाहेर, टेनिसची सव्वा मिलिमीटरच्या आसपास. पॉलिएस्टर असेल तर ती वेटोळ्यातून सुटताना हातावर उसळते, गाठ मारताना अंगठ्यात रुतते. १६ मेन, १९ क्रॉस, ५२ पाउंड. ओढायच्या स्ट्रिंग कमी, जोर दुप्पट. सहावी रॅकेट मामंजींच्या मित्राची होती. तिला सव्वा तास लागला, पण गाठी पहिल्यांदाच मनासारख्या बसल्या.

मला जास्त काळजी आहे ती खेळणाऱ्यांची. गल्लीतलं पोर नायलॉनच्या फुलावर चार वर्षं खेळतं. मग क्लबात जातं आणि पिसांची महाग फुलं सुरू होतात. जोरदार सामन्यात दोन-चार फुलं सहज फाटतात. पुष्कळ मुलं तिथेच थांबतात. आमच्यापासून तास-दीड तासावरच्या धारचा प्रियांशु राजावत २०२२ला थॉमस कप, म्हणजे पुरुषांची जागतिक सांघिक स्पर्धा, जिंकणाऱ्या भारतीय संघात होता, २०२३ला त्याने फ्रान्समधली ऑर्लियन्स मास्टर्स जिंकली. असा एखादा आमच्याही गल्लीत असेल, आणि फुलाच्या डब्यापायी सुटून जाईल, हे मला सहन होत नाही. शाळकरी मुलांकडून मी फक्त गटाची किंमत घेते, मजुरी नाही.

ती फेब्रुवारीतली मुलगी परवा परत आली. जिल्ह्याबाहेर स्पर्धा आहे, दोन नव्या सारख्या रॅकेटी आणल्या होत्या. ‘‘काकू, दोन्ही एकसारख्या लागल्या पाहिजेत.’’ खेळताना एक तुटली तर दुसरी हातात घेताना फरक कळता कामा नये. कालची १३७वी तिचीच. उतरवल्यावर नखाने मध्यावर टिचकी मारली आणि तंबोरा जुळवताना ऐकतात तसं कान लावून ऐकलं. स्वच्छ, वरचा सूर. सकाळी पुन्हा ऐकला, पहिल्या रात्रीत उतरतो तेवढा उतरला होता. दोन्ही वेळचे सूर वहीत लिहिलेत. १३८वी आज रात्री, त्याच रिळातल्या गटाने, त्याच वेळी.