रुंबकच्या उतारावरची शेपटी

“तो त्रिकोणी खडक दिसला? त्याच्या खाली बर्फाची पट्टी. पट्टीच्या उजव्या टोकापासून अर्धी मूठ वर. तिथे शेपटी आहे.”

लडाखच्या हेमिस राष्ट्रीय उद्यानात फेब्रुवारीत हिमबिबट्या शोधताना हे असं काहीतरी दिवसातून वीस वेळा कानावर पडतं. त्यातल्या एकोणीस वेळा ऐकणाऱ्याला तिथे फक्त दगड दिसतात. ‘मूठ’ हे इथलं खरंखुरं माप आहे. हात सरळ पुढे ताणून मूठ वळली की ती साधारण १० अंश झाकते, करंगळी १ अंश. समोरचा उतार एक किलोमीटरवर असेल तर मूठभर म्हणजे पावणेदोनशे मीटर आणि करंगळीएवढं म्हणजे सतरा-अठरा मीटर. हे आधी घोकून ठेवलेलं बरं, कारण ताडोबात गाइड ‘तो बघा’ म्हणतो तेव्हा वाघ दिसतो. इथे ‘तो बघा’ला काही अर्थ नसतो.

लेहच्या दोन दिवसांबद्दल एवढंच सांगतो की ते दोन दिवस झोपा. विमान दिल्लीहून सव्वा तासात ३,५०० मीटरवर आणून टाकतं आणि शरीराला ते पटायला वेळ लागतो. पहिल्याच दिवशी शांती स्तूपाच्या पायऱ्या चढणारे तिसऱ्या दिवशी उद्यानातल्या रुंबक गावी डोकं धरून बसतात, कारण तिथे आणखी ५०० मीटरची भर पडते. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, घ्यायची तर डॉक्टरांना विचारून. सल्फाची ॲलर्जी असेल तर तसं आधी सांगा.

लेहजवळच्या स्पितुकहून सिंधू ओलांडून गाडी जिंगचेनच्या बाजूला वळते, पुढे ओढ्याच्या काठाने घळीतून रुंबक. ओढा गोठलेला असला तरी त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही. बर्फाच्या वरच्या थराखाली पोकळी असते आणि तिच्या खाली वाहतं पाणी. पांढरट, फुगीर बर्फावर काठीने ठोकून मगच पाय टाकायचा. बुटांना चढवायचे साखळीचे काटे लेहच्या बाजारात भाड्याने मिळतात, ते घ्याच.

हेमिस १९८१ साली राष्ट्रीय उद्यान झालं, क्षेत्रफळात देशातलं सर्वांत मोठं. जानेवारी २०२४मध्ये देशातल्या हिमबिबट्यांच्या पहिल्या मोजणीचा अहवाल आला. त्यात ७१८चा अंदाज आहे, पैकी ४७७ एकट्या लडाखात. थंडीत यायचं कारण सरळ आहे: वर बर्फ साचला की भरल, म्हणजे इथल्या जंगली मेंढ्या, लडाखी भाषेत नापो, चाऱ्यासाठी खाली उतरतात आणि त्यांच्यामागून हिमबिबट्या, इथला ‘शान’. शिवाय जानेवारी ते मार्च हा त्यांचा जोडी जमवण्याचा काळ, त्यामुळे तो जास्त फिरतो आणि खुणा जास्त करतो.

खुणा वाटेवरच असतात. पुढे झुकलेल्या खडकाच्या पोटाखाली, पावसाबर्फापासून आडोसा असेल तिथे, मूत्राचा फवारा मारलेला असतो. नाक जवळ नेलं की उग्र वास येतो आणि कधी गाल घासल्याचे दोन-चार केस चिकटलेले मिळतात. खाली मागच्या पायांनी उकरलेला वीतभर लांब खळगा आणि त्याच्या एका टोकाला मातीचा छोटा ढीग. ढिगाची कड तीक्ष्ण असेल तर खूण ताजी, वाऱ्याने गोलावली असेल तर जुनी.

आता मुख्य काम, शोधण्याचं. २० ते ६० पट मोठं दाखवणारी स्कोप, म्हणजे एका डोळ्याने बघायची दुर्बीण, ट्रायपॉडवर लावायची आणि झूमला हात न लावता २०-२५वर ठेवायची. नवखे इथेच चुकतात. ६० पटीवर शोधायला बसतात. पंचवीस पटीला एक किलोमीटरवरचा जेमतेम ३५ मीटर रुंद तुकडा दिसतो. एक किलोमीटर रुंद आणि चारशे मीटर उंच उतार म्हणजे कडा एकमेकांवर थोड्या चढवत चारशे ते पाचशे तुकडे. प्रत्येकावर पाच सेकंद धरले तरी एका उताराला चाळीस मिनिटं लागतात. साठ पटीला तोच तुकडा साधारण निम्मा होतो, प्रकाश कमी पडतो आणि हवेची थरथर तेवढीच मोठी होते. सकाळी दहानंतर ऊन लागलेल्या खडकांवरून गरम हवा चढायला लागली की चित्र उन्हाळ्यातल्या डांबरी रस्त्यासारखं हलतं. म्हणून उजाडल्यापासूनचे पहिले दोन-अडीच तास आणि ऊन कलल्यानंतरचा वेळ, एवढाच खरा उपयोगाचा.

क्रम असा: आधी डोंगराची धार, कारण आकाशासमोर आकृती उठून दिसते आणि ती टिकत नाही. मग कड्यांच्या पायथ्याकडच्या कपारी, मग उघडा उतार. ठिपके शोधायचे नाहीत, त्या अंतरावर ते दिसतच नाहीत. दगडाला कोपरे असतात. जिथे कोपरा असायला हवा तिथे गोलाई दिसली तर थांबायचं. आणि भरलांवर एक डोळा ठेवायचा. कळप विखरून, वेगवेगळ्या दिशांना तोंडं करून चरत असेल तर काही नाही. सगळ्या माना एकाच बाजूला ताणल्या गेल्या की स्कोप त्या बाजूला. मॅगपाय, डोमकावळे, दाढीवाली गिधाडं एका जागी खालीवर करत असतील तर ताजी शिकार असण्याची शक्यता मोठी, आणि शिकारीजवळ शान तीन-चार दिवस थांबतो.

थंडीतल्या चुका बहुतेक श्वासाच्या असतात. स्कोपमध्ये बघताना नाकातली वाफ भिंगावर जाते आणि उणे पंधरात लगेच तिचं दव गोठतं. मग माणूस बोटाने पुसतो आणि त्याचा तेलकट बर्फ होतो. गळपट्टी नाकाखाली घ्यायची, श्वास खाली सोडायचा आणि मऊ ब्रश खिशात ठेवायचा. रात्री स्कोप किंवा कॅमेरा बुखारीच्या, म्हणजे शेगडीच्या खोलीत उघडा आणायचा नाही, आतपर्यंत ओल धरते. तो बाहेरच्या खोलीत बॅगेतच राहू दे. बॅटऱ्या मात्र अंगालगत किंवा पांघरुणात. पाण्याची बाटली उलटी ठेवायची, कारण बर्फ वरून धरायला लागतो आणि उलटी असली की तोंड मोकळं राहतं.

पाय गारठतात म्हणून दोन जाड मोजे घट्ट बुटात कोंबले की रक्त फिरत नाही आणि पाय आणखी गारठतात. एक लोकरीचा मोजा, बोटं हलतील एवढा सैल बूट आणि उभं राहायला जुन्या योगा मॅटचा पाटाएवढा तुकडा. पन्नास रुपयांच्या त्या तुकड्याने महागड्या बुटांपेक्षा जास्त काम केलं असं माझं ठाम मत आहे. चढताना घाम आला असेल तर वर पोचल्या पोचल्या आतला सदरा बदला, लाज सोडून.

रुंबकमध्ये मोजकी घरं आहेत आणि पाहुणे पाळीने वाटले जातात, त्यामुळे ‘मला तेच घर हवं’ चालत नाही. हे मला फार आवडलं. कोरड्या संडासाबद्दल आपल्याकडे उगाच कुरकुर होते. वरच्या मजल्यावर जमिनीत चौकोनी भोक, शेजारी माती-राखेचा ढीग आणि फावडं. काम झालं की दोन फावडी माती. पाण्याचा तांब्या नेऊ नका, पाणी गोठतं आणि खालचं खतही बिघडतं. तेच खत वसंतात जवाच्या शेतात जातं. जेवायला स्क्यू (कणकेच्या तुकड्यांचा रस्सा) किंवा थुक्पा (शेवयांचं सूप), सकाळी खांबीर ही जाड रोटी. सोबत आचारी आणून चुलीवर बटाट्याची भाजी शिजवून घेणारे गट दिसले, त्यांना काय म्हणावं! गोठ्यामागे चकोरांचा थवा शेणातले दाणे वेचत असतो. ओव्यांमध्ये चांदणं वेचणारा तोच हा.

घरमालकिणीचा गोठा वरूनही जाळीने बंद होता. शान एकदा आत शिरला की घाबरून सैरावैरा पळणारी अख्खी मेंढरं मारतो, म्हणून ही जाळी. आणि घरी पाहुणे येतात म्हणून शान जिवंत हवा. दोन्ही गोष्टी चालाव्या लागतात.

तर ती शेपटी. कड्याखालच्या फळीवर शान झोपला होता, सुमारे ९०० मीटरवर, शेपटी नाकावरून गुंडाळून. खाली ओढ्याजवळ अर्धी खाल्लेली भरल. सकाळी आठपासून आठ-दहा स्कोप एकाच दिशेला. दुपारपर्यंत त्याने दोनदा कूस बदलली, आणि दोन्ही वेळा रांगेत धावपळ झाली.

घोळ लांब लेन्सवाल्यांनी घातला. हिशेब त्यांच्याही ध्यानात यायला हवा होता: ६०० एमएमच्या लेन्सने ९०० मीटरवरचा दोन हातांहून थोडं जास्त, म्हणजे एक मीटरभर लांबीचा प्राणी सेन्सरवर पाऊण मिलिमीटरसुद्धा भरत नाही. सहा हजार पिक्सेलांच्या चौकटीत शंभर-सव्वाशे पिक्सेल. फोटो होणारच नव्हता. म्हणून त्यांच्या म्होरक्याने ‘थोडं पुढे जाऊ’ ठरवलं. प्राणी शोधून देणाऱ्या स्थानिक स्पॉटरने दोनदा नको म्हटलं. सहा जण ओढ्यात उतरले, थेट शिकारीच्या रेषेत, भडक लाल जॅकेटं घालून, दगड घरंगळवत.

शानने डोकं उचललं. पळाला नाही. उठला, पुढचे पाय लांब करून ताणले, खडकाला गाल घासला आणि कपारीतून वर चढत धारेपलीकडे गेला. शिकार तशीच पडून राहिली. हिवाळ्यात एवढी मोठी भरल पाडायला लागणारी ताकद आणि त्यातला धोका पाहता, पोटभर न खाता उठणं त्याला स्वस्तात पडलेलं नाही. लाल जॅकेटवाले वर येऊन विचारत होते, “कुठे गेला, कुठे गेला?”

स्पॉटरने उत्तर दिलं नाही. स्कोप धारेवरून काढून डावीकडच्या उतारावर नेली, जिथे अकरा भरल होत्या. सगळ्या माना धारेच्या पलीकडच्या घळीकडे. त्या हळूहळू खाली वळत गेल्या, म्हणजे तो घळीतून उतरत होता. वीसेक मिनिटांनी एकीने तोंड खाली घातलं, मग दुसरीने. अकराही चरायला लागल्यावर त्याने ट्रायपॉडचे पाय मिटले.