आजीचा चिमटा

माझ्या आजीच्या फणेरपेटीत पितळेच्या एका कडीत ओवलेली तीन छोटी हत्यारे असत : कानकोरणे, दातकोरणे आणि चिमटा. पहिली दोन घरातील कोणीही वापरत असे. चिमटा मात्र केवळ आजीसाठी होता आणि तो चालवण्याचे काम माझ्याकडे होते. पानशेतच्या पुरात शनिवार पेठेतील वाडा गेल्यानंतर आम्ही सदाशिव पेठेत दोन खोल्यांत राहत होतो. दर दोन-तीन आठवड्यांनी, रविवारी सकाळी ऊन खिडकीच्या चौकटीवर आले, की आजी पाटावर बसून मान मागे टाकत असे आणि मला हाक मारत असे, “ये गं, बघ, पुन्हा कुसळ आलंय.” कुसळ म्हणजे तिच्या वरच्या पापणीचा आत वळलेला केस. ती नगर जिल्ह्यातील बाजरीच्या मुलखात वाढलेली होती, त्यामुळे डोळ्यात टोचणाऱ्या वस्तूला तिच्याकडे दुसरा शब्द नव्हता.

मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. वडिलांना चाळिशी लागलेली होती, आईला स्वयंपाकघरातून उसंत नव्हती आणि घरात जवळचे सर्वांत स्वच्छ मलाच दिसत होते. डाव्या अंगठ्याने पापणी किंचित वर उचलायची, बुबुळावर टेकलेला केस उजेडात शोधायचा आणि मुळाशी धरून एका झटक्यात ओढायचा, असे हे काम होते. पितळी चिमट्याची टोके बोथट असल्यामुळे केस निम्म्या वेळा उपटण्याऐवजी मध्येच तुटत असे आणि उरलेले खुंट आखूड व ताठ असल्यामुळे आधीपेक्षा अधिक टोचत असे. पुढे वडिलांनी लक्ष्मी रस्त्यावरील एका घड्याळजीकडून बारीक टोकांचा पोलादी चिमटा आणला आणि आमच्या दोघींचे रविवार बरेच सुखाचे झाले.

एकदा आजीला पेठेतीलच एका नेत्रतज्ज्ञांकडे नेले होते, तेव्हा मीही बरोबर होते. त्यांनी तिची वरची पापणी उलटी केली आणि आतील बाजूचे पांढरट वण वडिलांना दाखवत सांगितले, की या लहानपणीच्या खुपऱ्या आहेत. शस्त्रक्रिया करून पापणीची कड बाहेर वळवावी लागेल, असे त्यांचे म्हणणे पडले. आजीने साफ नकार दिला. मग त्यांनी केस कोण उपटते असे विचारले, मी अभिमानाने हात वर केला आणि त्यावर ते म्हणाले, “आजी, हा अडाणीपणा आधी बंद करा, डोळा जाईल एक दिवस.” घरी आल्यावर आजीने चिमटा बंद केला नाही, परंतु माझा अभिमान मात्र गेला. पुढे मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकले आणि एका महाविद्यालयात तीस वर्षे ते शिकवले, तरी त्या रविवारांविषयी कोणाशी बोलताना मला थोडे ओशाळल्यासारखेच होत असे. हे सर्व आज लिहिण्याचे कारण इथिओपियातील एक चाचणी आहे. तिच्याकडे वळण्यापूर्वी मूळ आजाराविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे.

खुपऱ्यांचा आजार क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस या जीवाणूमुळे होतो. लहान मुलांच्या डोळ्यांच्या व नाकाच्या स्रावातून, हातांतून, एकाच पदराने किंवा पंच्याने अनेक तोंडे पुसण्यातून आणि डोळ्यांवर बसणाऱ्या माश्यांमधून तो पसरतो. एकदा संसर्ग झाला म्हणून कोणी आंधळे होत नाही. बालपणी हा संसर्ग पुन्हा पुन्हा होत राहिला, की वरच्या पापणीच्या आतील अस्तरावर सूज येते, सुजेचे वण होतात, ते वण पुढील वीस-तीस वर्षांत आकसत जातात आणि पापणीची कड आत ओढली जाते. त्यानंतर प्रत्येक उघडझापीला केस बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर घासतात आणि तो पडदा हळूहळू पांढरा पडतो. मुले ज्यांच्या कडेवर असतात त्या बायकांमध्ये या आजाराचे अंधत्व पुरुषांपेक्षा अधिक आढळते, याचे कारण बहुधा हेच आहे.

सुश्रुतसंहितेत पापणीच्या रोगांमध्ये ‘पोथकी’ नावाचा एक रोग आहे, ज्यातील पुटकुळ्यांना तांबड्या मोहरीची उपमा दिलेली आहे, आणि केस आत वळण्याच्या विकाराला तेथे ‘पक्ष्मकोप’ म्हटले आहे. त्यावरचा उपाय म्हणून पापणीच्या वरील त्वचेचा जवाच्या दाण्याच्या आकाराचा तुकडा काढून टाके घालावेत, असेही सांगितले आहे. सुश्रुताची पोथकी म्हणजे नेमका हाच आजार, असे छातीठोकपणे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. तथापि उपाय करणाऱ्याला अडचण नेमकी कोठे आहे हे उमगले होते, एवढे निश्चित.

जंतूचा शोध बराच लांबला. १९०७ साली जावा बेटावर हालबरश्टेटर आणि फोन प्रोवाझेक यांनी रुग्णांच्या पापणीतील खरवड ओरांगउटानांच्या डोळ्यांत घातली आणि रंगवलेल्या पेशींमध्ये त्यांना बारीक कणांचे पुंजके दिसले. ते पुंजके म्हणजेच कारण, हे सिद्ध करण्यासाठी जंतू प्रयोगशाळेत वाढवणे आवश्यक होते आणि तो साध्या पोषक माध्यमावर वाढत नाही, कारण तो जिवंत पेशीच्या आतच राहतो. चीनमधील तांग फेइफान यांनी १९५० च्या दशकात तो कोंबडीच्या अंड्यातील पीतक-पिशवीत वाढवून दाखवला आणि पुढे शंकेला जागा राहू नये म्हणून स्वतःच्या डोळ्यात घालून घेतला. पेशीबाहेर वाढत नसल्यामुळे त्या काळच्या पुस्तकांत त्याची गणना विषाणूंमध्ये होत होती. पुण्यात १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र सुरू झाले, जी आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आहे, तेव्हाही खुपऱ्या हा विषाणूजन्य रोगच मानला जात होता. माझ्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट फार आवडत असे. विषाणू ठरवलेला हा जीव प्रत्यक्षात ॲझिथ्रोमायसिनच्या एका मात्रेला शरण जातो.

आजीच्या डोळ्यांना मात्र त्या मात्रेचा काहीच उपयोग झाला नसता, कारण केस वळण्याच्या अवस्थेपर्यंत पोहोचलेल्या रुग्णांच्या पापणीत हा जंतू क्वचितच सापडतो. जंतू निघून जातो आणि त्याने सुरू केलेली व्रणांची प्रक्रिया मागे राहते. ती पुढे का चालू राहते, यावर आजही संशोधन सुरू आहे. प्रश्न राहतो तो केसांचा, आणि केसांच्या बाबतीत मार्ग दोनच आहेत : पापणी वळवणे किंवा केस काढणे.

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून खुपऱ्यांचे उच्चाटन झाल्याचे प्रमाणित केले. आग्नेय आशिया विभागात नेपाळ व म्यानमारनंतर आपला तिसरा क्रमांक लागला. ती बातमी वाचून माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने, जी आता सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करते, मला काही शोधनिबंध पाठवले आणि त्यातील एकाने माझी दुपार खाल्ली.

इथिओपियाच्या अम्हारा भागात झालेली ही चाचणी २०११ साली प्रसिद्ध झाली. ज्यांचे सहापेक्षा कमी केस डोळ्याला टेकतात, अशा १३०० रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटावर शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या गटाला चांगल्या प्रतीचे चिमटे देण्यात आले आणि घरातील अशा एका माणसाला केस उपटण्याचे शिक्षण देण्यात आले, ज्याला जवळचे स्पष्ट दिसते. हे वाक्य मी तीनदा वाचले. निबंधाच्या ‘कार्यपद्धती’ या रुक्ष भागात, रुग्ण, साधने आणि मोजमापे यांच्या मध्ये, सदाशिव पेठेतील त्या पाटासमोर उभी असलेली मुलगी मला दिसली.

निष्कर्ष मात्र एकतर्फी नाहीत आणि ते तसे सांगणेही योग्य होणार नाही. दोन वर्षांच्या काळात पाच किंवा अधिक केस डोळ्याला टेकू लागले, अशांचे प्रमाण शस्त्रक्रियेच्या गटात २.२ टक्के होते, तर चिमट्याच्या गटात १३.२ टक्के. म्हणजे पापणी आत वळणे थांबवण्याच्या बाबतीत शस्त्रक्रिया उघडपणे सरस ठरली, जे अपेक्षितच होते, कारण चिमटा पापणीला हात लावत नाही. तथापि ज्यासाठी हा सर्व खटाटोप आहे, ती दृष्टी आणि बुबुळावरील पांढरेपणा यांत दोन गटांमध्ये दोन वर्षांनंतर फरक आढळला नाही. ज्यांचे थोडेच केस वळलेले आहेत आणि ज्यांना शस्त्रक्रिया नको आहे किंवा मिळत नाही, त्यांच्यासाठी योग्य चिमट्याने व नियमितपणे केस काढणे हा विचारात घेण्याजोगा मार्ग आहे, एवढाच त्याचा अर्थ. दोन वर्षे म्हणजे आयुष्य नव्हे, आणि आजीने तर हा उद्योग तीस वर्षे चालवला.

शस्त्रक्रियेविषयी आजीला जी भीती होती, तीही सर्वस्वी निराधार नव्हती, हे दुसऱ्या एका निबंधातून समजले. पापणी फिरवण्याच्या दोन पद्धतींची इथिओपियातच १००० रुग्णांवर तुलना झाली आणि २०१६ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एका वर्षाच्या आत केस पुन्हा टेकू लागण्याचे प्रमाण, पापणीची पूर्ण जाडी कापणाऱ्या पद्धतीत २२ टक्के होते आणि केवळ आतील थर कापणाऱ्या पद्धतीत १३ टक्के. पहिली पद्धत तोवर अनेक देशांत शिकवली जात होती. ‘शस्त्रक्रिया करा’ हा सल्ला बरोबरच होता, परंतु कोणती व कोणाच्या हातून, यावर त्याचे फळ अवलंबून होते, आणि हा तपशील त्या काळी कोणीच रुग्णाला सांगत नसे.

विद्यार्थिनीशी माझा वाद झाला तो तोंड धुण्यावरून. खुपऱ्यांवरील जागतिक धोरणाचे चार भाग आहेत : शस्त्रक्रिया, प्रतिजैविके, चेहऱ्याची स्वच्छता आणि परिसरसुधारणा. शेवटच्या दोहोंबाबत आपण सर्वजण मनाने खात्री बाळगून असतो, पण चाचण्यांनी ती खात्री सहजासहजी दिलेली नाही. गांबियात झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात माश्या मारण्याच्या फवारणीने मुलांमधील आजार लक्षणीय घटला, मात्र शौचालये बांधून झालेली घट संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरली नाही. अम्हारातील ४० वस्त्यांमध्ये पाणी, साबण, शौचालये आणि शिकवण यांवर भर देऊन तीन वर्षे काम झाले, तेव्हाही मुलांच्या डोळ्यांतील संसर्गात फरक दिसला नाही. विद्यार्थिनीचे म्हणणे, की मग या कलमांवर खर्च का करावा. माझे म्हणणे, की युरोपातून हा आजार कोणत्याही प्रतिजैविकाच्या मोहिमेशिवाय राहणीमानाबरोबर ओसरला, तो तीन वर्षांत नव्हे. आजीच्या गावी विहीर गावाबाहेर होती आणि तिला एका कळशीत पाच भावंडांची तोंडे उरकावी लागत. माझ्या आईच्या पिढीत घरात नळ आला आणि आमच्या घरात आजीनंतर कोणालाही खुपऱ्या झाल्या नाहीत. एका घराचे उदाहरण म्हणजे पुरावा नव्हे, हे विद्यार्थिनीने मला माझ्याच वर्गातील शब्दांत ऐकवले, आणि त्यावर मला गप्प बसावे लागले.

उच्चाटन म्हणजे काय, हेही याच निमित्ताने नीट वाचले. एक ते नऊ वर्षांच्या मुलांमध्ये पापणीच्या आत खुपऱ्यांच्या पुटकुळ्या असणाऱ्यांचे प्रमाण ५ टक्क्यांपेक्षा कमी हवे आणि पंधरा वर्षांवरील माणसांमध्ये केस आत वळलेल्या, परंतु आरोग्ययंत्रणेला ‘अज्ञात’ असलेल्या रुग्णांचे प्रमाण ०.२ टक्क्यांपेक्षा कमी हवे. भारताने १९६३ साली खुपऱ्या नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला होता. २०१४ ते २०१७ मधील राष्ट्रीय सर्वेक्षणात मुलांमधील सक्रिय आजार ०.७ टक्क्यांवर आलेला होता. पहिली अट तेव्हाच पूर्ण झाली होती आणि त्यानंतरचे काम मुख्यतः म्हाताऱ्या माणसांच्या पापण्या तपासण्याचे होते.

या तपासणीची व्याख्या मी आजीला लावून पाहिली. किमान एक केस डोळ्याला टेकत असेल तर तो रुग्ण, आणि केस नुकतेच उपटल्याच्या खुणा दिसत असतील तरीही तो रुग्णच धरावा, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात १९८७ पासून लिहिलेले आहे. म्हणजे रविवारी मी सर्व कुसळे काढली असती आणि सोमवारी सर्वेक्षक दारात आला असता, तरी भिंगातून त्याला पापणीच्या कडेवर माझे काम दिसले असते आणि त्याने आजीची नोंद केली असती. त्यानंतर त्याने विचारले असते, की तुम्हाला कोणी शस्त्रक्रिया सुचवली होती का. ज्यांना सुचवली गेली आणि ज्यांनी ती नाकारली, ते आरोग्ययंत्रणेला ‘ज्ञात’ समजले जातात व ०.२ टक्क्यांच्या हिशेबात धरले जात नाहीत. आजी पदराने डोळा टिपत म्हणाली असती, “सुचवली होती की. आणि या पोरीला अडाणीसुद्धा म्हणाले होते.”