दक्षिणेची खोली

मागल्या दसऱ्यानंतर बेळगावच्या वडगावातलं घर भाड्यानं दिलं आणि खानापूर रोडला, मच्छेच्या पुढं असलेल्या एका ज्येष्ठांच्या निवासात मी राहायला आले. वय ७३. उभा जन्म मराठी शाळेत शिकवण्यात गेला, त्यातली पहिली नऊ वर्षं घाटमाथ्यावरच्या जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला. थंडीवाऱ्याचं मला कुणी सांगायला नको, असा एक ताठा होता. तो नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात उतरला.

खोली ठरवताना मॅनेजरनी दोन दाखवल्या होत्या. एक उत्तरेची, खिडकीतून बाग दिसणारी. दुसरी दक्षिणेची, समोर पाण्याची टाकी आणि कपडे वाळत घालायच्या दोऱ्या. "ती कोण घेत नाही बाई. यमाची दिशा म्हणतात. तुम्हाला बागेकडची देतो की." मीही खूश होऊन होकार दिला. पाचवीच्या मुलांना दक्षिणायन शिकवताना फळ्यावर किती वेळा गोल काढले असतील, पण स्वतःची खोली घेताना ते आठवलं नाही.

बेळगाव समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांच्या आसपास आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा बारा-तेरावर येतो, कधी त्याच्याही खाली. पुण्याचा लेक फोनवर म्हणायचा, "आई, एवढी काय थंडी असते तिथं?" असते. म्हाताऱ्या माणसाला तर जास्तच असते. कातडीखालची चरबी कमी झालेली, अंगाला कापरं भरून ऊब यायची तीही उशिरा. उत्तरेच्या खोलीत दिवसभर ऊन नाही, खाली शहाबादी फरशी. रात्री दोनदा उठावं लागायचं आणि फरशीवर पाय टेकवायच्या भीतीनं मी संध्याकाळचं पाणीच बंद केलं. हा शुद्ध गाढवपणा होता. थंडीत तहान कमी लागते, त्यात मी पाणी तोडलं, आणि एका सकाळी उठता उठता डोळ्यांपुढं अंधारी आली. पलंगाचा कठडा हाताला लागला म्हणून निभावलं.

डॉक्टरांनी बीपी बघितलं. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, सकाळी बीपी चढतं, तेव्हा सूर्य वर आल्याशिवाय फिरायला जायचं नाही, असं बजावलं. उठल्यावर दोन मिनिटं पलंगाच्या काठावर बसायचं, मग उभं राहायचं. पाणी तोडायचं नाही. फ्लूची लस टोचली आणि तिचा परिणाम व्हायला दोनेक आठवडे लागतात हेही सांगितलं, म्हणजे खरं तर मी ती आधीच घ्यायला हवी होती. "बाकीच्यांपेक्षा तुम्हालाच जास्त थंडी वाजते का?" हा प्रश्न मात्र नेमका होता. वाजत होती. रक्त तपासलं तर थायरॉईडच्या गोळीचा डोस कमी पडत होता. दोन स्वेटर चढवून मी ज्याच्याशी झगडत होते, त्यातला थोडा भाग एका छोट्या गोळीचा होता.

लेकानं ऐकलं आणि चार दिवसांत तेलाचा हीटर कुरिअरनं आला. दोन हजार वॅटचा. मी तो कॉटजवळच्या साध्या प्लगला लावला. अर्ध्या तासात जळका वास आला आणि प्लगचा रंग पिवळा पडला. मॅनेजर चिडले, आणि त्यांचं बरोबर होतं. असा हीटर आठ-नऊ अँपिअर ओढतो, साधा प्लग सहाचा. वायरमननं सोळा अँपिअरचा पॉवर प्लग वेगळ्या वायरीनं काढून दिला तेव्हा तो चालला. पण तासाला दोन युनिट खातो. बिलाची बोलणी झाली आणि ठरलं की मी तो झोपायच्या आधी तासभर लावायचा. एवढ्यासाठी एवढा खटाटोप, असं वाटून तो हीटर मी महिनाभरात माघारीच पाठवला.

खरी ऊब दिली ती माझ्याच खोलीत राहणाऱ्या दुसऱ्या बाईंनी. या बैलहोंगलकडच्या, कन्नड बोलणाऱ्या. शाळेतल्या बाईला त्यांच्याकडं म्हणतात तसं मला 'अक्कोर' म्हणतात. त्यांनी बघितलं की मी अंगावर वाकळीवर वाकळ चढवतेय आणि खाली कापसाची दबलेली गादी. म्हणाल्या, "थंडी खालून येते, अक्कोर. वर घालून काय उपेग?" आणि आपल्याकडचं जाड घोंगडं गादीखाली अंथरून दिलं. त्या रात्री पहिल्यांदा मला पहाटेपर्यंत झोप लागली. वर एका जाड रजईपेक्षा दोन पातळ वाकळी बऱ्या, हेही त्यांचंच. रजईच्या ओझ्याखाली कूससुद्धा बदलता येत नाही आमच्या वयात.

आता आंघोळीचं सांगते, कारण खरी लढाई तिथं होती.

गच्चीवर सोलर, टाकी ५०० लिटरची. आम्ही बावीस जण. माणशी एक बादली धरली तरी पुरायला हवं, पण सहाला नळ सुटायचा आणि सव्वासहाला कोमट यायला लागायचं. मी चार दिवस बादली मांडून बघितलं. टाकीपासून आमच्या न्हाणीपर्यंत पाइप एवढा लांब की पहिली अर्धी बादली गारच यायची. ती प्रत्येक जण मोरीत सोडून द्यायचा. बावीस जण, बावीस अर्ध्या बादल्या. त्यात जेवढं पाणी खाली गेलं तेवढं गार पाणी वर टाकीत शिरणार. आणि धुक्याच्या दिवसांत टाकी मुळात पुरती तापलेलीच नसायची.

मग कामाला येणारी मुलगी एकदा चारच्या सुमारास हात धुऊन आली आणि ओरडली, "अज्जी, बिसी नीर! कायच्या काय बिसी!" बिसी नीर म्हणजे गरम पाणी. तेव्हा डोक्यात उजेड पडला. सोलर दिवसभर तापतो, म्हणजे पाणी सर्वांत कडक दुपारी तीन-चारला असणार. आम्ही ते रात्रभर निवू देऊन पहाटे, सगळ्यांत गार वेळी, अंगावर घेत होतो!

मी दुपारी आंघोळ करते म्हटल्यावर बायकांत गहजब झाला. पारोशानं जेवायचं? पारोशानं देवाला हात लावायचा? एका आजींनी तर माझ्याकडून हळदीकुंकू घ्यायचं थांबवलं, पंधरा दिवस. मी सकाळी कोमट पाण्यानं हातपाय-तोंड धुऊन देवाला नुसता नमस्कार करायचं ठरवलं, पूजा संध्याकाळी. वाईट वाटलं का? वाटलं. आई गेल्यावरही मी तिच्या या एका नियमाला धक्का लावला नव्हता. पण आमच्या वडगावच्या घरात तांब्याचा बंब पेटायचा आणि न्हाणी उबदार असायची. आईला पहाटेची आंघोळ जमायची ती त्या बंबाच्या जिवावर, हे मला इथं आल्यावर कळलं.

खोली बदलायला अर्ज लागतो म्हणाले. मी मराठीत लिहायला बसले तर मॅनेजर म्हणाले, कमिटीच्या फाईलला कन्नड लागतं. बैलहोंगलच्या बाईंनी कागद ओढून घेतला. "तुम्ही सांगा, मी लिहिते." मी सांगितलं: डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडून तिरपा जातो, दुपारी बारालाही डोक्यावर येत नाही, म्हणून दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत येतं. मे-जूनमध्ये तो उत्तरेला कललेला, त्यामुळं हीच खोली उन्हाळ्यात तापत नाही. त्यांनी लिहिलं आणि खाली स्वतःचंही नाव घातलं. कमिटीतल्या एकांनी विचारलं, "यमाची दिशा चालते ना?" मी म्हटलं, "त्याला माझा पत्ता कुठल्याही दिशेनं सापडेल."

खोली मिळाली. सकाळी नऊपासून कॉटवर ऊन. आम्ही दोघी खुर्च्या ओढून बसतो. त्या त्याला 'बिसील' म्हणतात, मी ऊन.

एक गोष्ट राहिली. आमच्यातले एक आप्पा, घाटाकडचे, खोलीत दार-खिडक्या लावून कोळशाची शेगडी ठेवायचे. जन्मभराची सवय. एका पहाटे डोकं जड, उलटीसारखं होतंय म्हणून ते बाहेर आले. कोळशातून निघणाऱ्या विषारी वायूला, कार्बन मोनॉक्साइडला, वास नसतो. बंद खोलीत झोपलेला माणूस झोपेतच जाऊ शकतो. बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरचंही तेच. आता शेगडी बाहेर अंगणात, आणि तिच्याभोवती संध्याकाळी सहा-सात जण. आणि समोरच्या खोलीतल्या आजींची टाच गरम पाण्याच्या पिशवीनं भाजली. मधुमेहामुळं पायाला चटका कळलाच नव्हता. तेव्हापासून आमच्याकडं पिशवी टॉवेलात गुंडाळून, अंथरुणात आधी ठेवायची आणि आडवं व्हायच्या आधी काढून घ्यायची.

भोगीला स्वयंपाकघरात तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी झाल्या, लेकुरवाळी भाजी, लोणी. हळदीकुंकू बंद केलेल्या आजी माझ्याजवळ येऊन बसल्या. भाकरीचा तुकडा मोडता मोडता हळूच म्हणाल्या, "चारचं पाणी खरंच कडक असतं का हो?"

आता साडेतीनलाच नंबर लावावा लागतो.