एका रकान्यात न मावणारी थंडी

वाइन वाढणाऱ्या कर्मचाऱ्यांना चाखणी शिकवणे हा माझा व्यवसाय आहे. बाहेरच्यांना त्यात पिणे दिसते. प्रत्यक्षात आम्ही जवळजवळ प्रत्येक घोट थुंकतो आणि बराचसा वेळ बाटल्या योग्य तापमानाला आणण्यात जातो. त्या दिवशी थंड हवामानातल्या प्रदेशांवर पाठांतरासाठी एक पान हवे होते आणि ‘हलकी, आंबट, कमी मद्यार्काची’ हे वर्णन व्यवस्थापनाने आधीच लिहून पाठवले होते. चाखण्याआधी निष्कर्ष लिहून ठेवण्याची ही सवय आमच्या क्षेत्रात फार पसरली आहे आणि तिचा मला मनापासून राग येतो. म्हणून मी तीन बाटल्या कापडाने झाकून वर्गासमोर ठेवल्या.

पहिली जर्मनीतल्या मोझेल खोऱ्याची रीझलिंग, म्हणजे त्याच नावाच्या पांढऱ्या द्राक्षाची वाइन, काबिनेट या हलक्या जर्मन प्रकारातली. सुमारे ५० अंश उत्तर अक्षांशावर तिथे द्राक्ष पिकते, ते सूर्याकडे तोंड केलेल्या उभ्या चढांमुळे आणि दिवसभराची ऊब रात्री परत देणाऱ्या पाटीच्या दगडामुळे. ब्रेमजवळच्या काल्मोंटचा चढ काही ठिकाणी ६० अंशांहून तीव्र आहे. मद्यार्क जेमतेम ८-९ टक्के, थोडी उरलेली साखर आणि ती जाणवते न जाणवते तोच पुसून टाकणारी आम्लता. पानावरचे वर्णन इथे चपखल बसले. दुसरी बाटली न्यूयॉर्क राज्यातल्या फिंगर लेक्सची: द्राक्ष तेच, पण कोरडी आणि अंगाने भरलेली. तिथला उन्हाळा ऊबदार असतो. वेलींना मारतो तो हिवाळा, आणि त्यांना तगवतात ती खोल सरोवरे. १८८ मीटर खोल सेनेका सरोवर सहसा गोठत नाही. त्याची साठलेली ऊब काठावरच्या वेलींना कडाक्यातून पार नेते.

तिसऱ्या ग्लासात न्यूझीलंडच्या सेंट्रल ओटागोची पिनो न्वार ही लाल वाइन होती. गडद चेरीची चव, मद्यार्क १४ टक्क्यांच्या आसपास. वर्गातल्या सर्वांत अबोल मुलीने ग्लास खाली ठेवला आणि ती ठामपणे म्हणाली, “मॅडम, ही थंड प्रदेशाची असूच शकत नाही.”

मी फळ्यावर, द्राक्षाचा प्रदेश किती थंड वा उष्ण हे ठरवण्यासाठी अमेरिन आणि विंकलर या संशोधकांनी १९४४ मध्ये कॅलिफोर्नियासाठी मांडलेली पद्धत लिहिली: वाढीच्या हंगामातल्या प्रत्येक दिवसाचे सरासरी तापमान घ्यायचे, त्यातून १० अंश सेल्सिअस वजा करायचे आणि उरलेल्याची बेरीज करायची. पण दुपार २६ व रात्र ६ अंशांची असो, की दुपार १९ व रात्र १३ अंशांची, सरासरी १६ च येते. डोंगरांआडच्या कोरड्या ओटागोत प्रखर दुपारी साखर चढत जाते आणि गार रात्री फळातले मॅलिक आम्ल, म्हणजे त्याचा आंबटपणा, जळू देत नाहीत. ढगाळ, ओलसर प्रदेशात हे दोन्ही तितक्या ताणाने घडत नाही. बेरजेला हा फरक दिसत नाही, फळाला मात्र तो पुरेपूर भोगावा लागतो.

“मग यांना एका गटात ठेवायचेच कशाला?” तिने विचारले. टिकून राहिलेली आम्लता आणि वसंतातल्या हिमतुषारांची धास्ती या गोष्टी समान असतात, असे मी सांगितले. त्यावर ती म्हणाली, “पण वेल कशातून वाचला हे गिऱ्हाईक विचारत नाही, चव कशी आहे हे विचारते.” या आक्षेपाला पुरेसे उत्तर मला अजून सापडलेले नाही. शिकवणाऱ्याला गट लागतो, वाढणाऱ्याला मात्र समोरचा एकच ग्लास समजावून सांगायचा असतो, आणि या दोघांची सोय एकाच पानावर कशी करावी हे मला उमगत नाही.

पाठवलेले वर्णन काढून मी पानावर थंडी कशामुळे येते याचे रकाने केले: अक्षांश, उंची, समुद्र, मोकळे आकाश. व्यवस्थापनाला ते लांबलचक वाटते. माझी अडचण वेगळी आहे: फ्रान्समधला शाब्ली हा वाइनचा प्रदेश यांतल्या एकाही रकान्यात पुरता बसत नाही. तिथली खरी थंडी एप्रिलमधल्या काही रात्रींची असते. तेव्हा शेतकरी कोंबांवर पाणी फवारतात, आणि गोठताना पाणी जी उष्णता सोडते तिच्यावर कोंब शून्य अंशाच्या आसपास तग धरतात. त्या रात्रींसाठी पाचवा रकाना वाढवावा, असे सध्या माझे मत होत चालले आहे.