लिनक्सवर मॉनिटर १०२४ बाय ७६८ च्या पुढे जात नसेल तर आधी वायर बघा

मॉनिटर फुल एचडी आहे पण सेटिंग्जच्या यादीत १९२० बाय १०८० दिसतच नाही, जास्तीत जास्त १०२४ बाय ७६८, आणि अक्षरं फुगलेली. मग लोक ड्रायव्हर बदलतात, उबंटू काढून मिंट टाकतात, शेवटी विंडोजवर जातात, आणि मला याचं खरंच वाईट वाटतं कारण बहुतेक वेळा लिनक्सचा यात काहीच दोष नसतो.

प्रत्येक मॉनिटरमध्ये ईडीआयडी नावाची छोटीशी माहिती असते, मूळ भाग फक्त १२८ बाइट्सचा, आणि आपल्याला कोणकोणती रिझोल्युशन चालतात ते मॉनिटर त्यातून कॉम्प्युटरला सांगतो. व्हीजीए केबलमध्ये ही माहिती १२ आणि १५ नंबरच्या पिनांवरून जाते, चित्राच्या पिना वेगळ्या. त्यामुळे स्वस्तातल्या केबलमध्ये त्या दोन पिना जोडलेल्याच नसल्या तरी चित्र व्यवस्थित येतं, फक्त कॉम्प्युटरला समोर कोण आहे ते कळत नाही आणि तो सगळ्यांना चालेल असं छोटं रिझोल्युशन देऊन मोकळा होतो.

माझ्या मावसभावाचं हेच झालं. नागपूरच्या बर्डी बाजारातून एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर आणला, जुन्या मॉनिटरला लावला, आणि मग फोन, "दादा, मी हा मॉनिटर वापसच करून टाकतो, काहीच होऊन नाही रायलं." सीव्हीटी कमांडने मोड (म्हणजे रिझोल्युशन आणि त्याच्या वेळेचे आकडे) काढून तो एक्सरँडर या स्क्रीन सेट करणाऱ्या कमांडच्या न्यूमोड आणि ॲडमोडने जोडायचा हे सगळं त्यानं बरोबर केलं होतं, तरी स्क्रीन काळी. इथे एक गोष्ट आहे जी फारसं कोणी सांगत नाही. साधं सीव्हीटी १९२० बाय १०८० ला ६० हर्ट्झवर १७३ मेगाहर्ट्झचा पिक्सेल क्लॉक (पिक्सेल पाठवायचा वेग) देतं आणि असे बरेच कन्व्हर्टर १६५ च्या वर जातच नाहीत. त्याच कमांडला मायनस आर लावला की ओळींच्या मधला रिकामा वेळ कमी होतो आणि क्लॉक १३८.५० वर येतो. त्याला म्हटलं, आर लावून परत कर. केलं, आणि चित्र आलं, एकदम स्वच्छ! (जुन्या काचेच्या ट्यूबवाल्या मॉनिटरला मात्र हे लावू नका, ते एलसीडीसाठी आहे.)

रीस्टार्ट केलं की हे सगळं जातं, म्हणून एक्सरँडरच्या त्या ओळी होम फोल्डरमधल्या डॉट एक्सप्रोफाइल फाइलमध्ये टाकायच्या. आणि वेलँडवर (स्क्रीनवर चित्र दाखवणारी नवी व्यवस्था) असाल तर एक्सरँडरने नवा मोड जोडताच येत नाही, उगाच डोकं खाऊ नका, लॉगिनच्या वेळी झॉर्गचा (जुन्या व्यवस्थेचा) पर्याय दिसत असेल तर तो घ्या, नाहीतर ग्रबमध्ये (कॉम्प्युटर चालू होताना लिनक्स सुरू करणारा प्रोग्राम) कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, व्हिडिओ पॅरामीटरने पोर्टचं नाव आणि रिझोल्युशन द्या.

फोर-के मॉनिटर ३० हर्ट्झवर अडकला असेल तर तो वेगळा विषय, पोर्ट किंवा केबल एचडीएमआय १.४ ची आहे का ते बघा, ६० साठी २.० लागतं.

मावसभावानं नंतर दुसरा कन्व्हर्टर घेतला, यावेळी लॅपटॉप आणि मॉनिटर दोन्ही दुकानात नेऊन काउंटरवरच एक्सरँडर चालवून बघितलं. १९२० बाय १०८० आपोआप यादीत आलं, मग एक्सप्रोफाइलमधल्या ओळी काढून टाकल्या.