अर्ध्या-अर्ध्या तासाची वही: माझा अनुभव

सांगलीत घराच्या पुढच्या खोलीतून मी कर सल्लागाराचं काम करते. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला आणि हे काम एकदम वाढलं. माझ्या पार्ट्या म्हणजे मार्केट यार्डातले हळदीचे आणि बेदाण्याचे अडते, मेडिकलवाले, हार्डवेअरची दुकानं, एक छापखाना आणि बरीच पगारदार मंडळी. माणसं सगळी भली. पण घरात चालणाऱ्या ऑफिसलाही बंद व्हायची वेळ असते, हे कुणाच्या मनातच येत नाही. रात्री ताटं वाढलेली असताना बेल वाजायची, "वहिनी, इकडनंच चाललोय, म्हटलं बिलांची पिशवी ठेवून जावं." पिशवीबरोबर चहा यायचा, चहाबरोबर गप्पा. आणि सकाळी ऐन कामात स्वयंपाकघरातून सासूबाईंची हाक, "अगं, घरीच आहेस ना, तेवढं गॅसवाल्याकडे बघ."

आमचं सगळं काम तारखांना बांधलेलं. ७ तारखेला टीडीएसचं, म्हणजे कापून घेतलेल्या कराचं, चलन. ११ ला जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीच्या बिलांचं रिटर्न. १४ ला टू-बी, म्हणजे खरेदीवरच्या कराचा तक्ता, दिसतो. २० ला थ्री-बी, म्हणजे कर भरण्याचं रिटर्न. जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या १५ ला ॲडव्हान्स टॅक्स. पगारदारांची रिटर्न्स ३१ जुलैपर्यंत. ऑडिटवर सही सीए करतात, पण त्यांच्यासाठी हिशेब मी तयार करून देते, त्याची मुदत ३० सप्टेंबर. जीएसटीचं रिटर्न चुकलं तर दिवसाला ५० रुपये लेट फी, काही व्यवहारच नसला तर २०. पैसे पार्टीच्या खिशातून जातात, पण बोल मला लागतो. त्यामुळे "जरा सावकाश घे गं" हा सल्ला माझ्या कामी येणारा नव्हता.

गेल्या वर्षी मुलगी आठवीत होती. ती संध्याकाळी मैत्रिणीकडे अभ्यासाला जाऊ लागली. मला वाटलं, दोघींना सोबत होत असेल. विचारलं तर म्हणाली, "आपल्याकडे सारखी बेल वाजते, मला वाचलेलं लक्षातच राहत नाही." आपल्याच घरात मुलीला बसायला निवांत जागा नाही, हे मला फार लागलं.

त्याच सुमारास, २०२५ च्या फेब्रुवारीत, केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीचे २०२४ चे आकडे पेपरात आले होते. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो, पुरुषांचा ८८. २०१९ च्या पहिल्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. आकड्यांइतकीच मला त्यांची पद्धत महत्त्वाची वाटली: पहाटे ४ ते दुसऱ्या दिवशी पहाटे ४, अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने, आणि प्रत्येक रकान्यात माणसाने काय केलं त्याची नोंद. हिशेब लिहिणं हा तर माझा धंदाच. कपाटातली एक कोरी खतावणी काढली, पानावर ४८ ओळी आखल्या आणि लिहायला लागले.

२० तारखेच्या आदल्या दिवसांतलं एक पान अजून माझ्यासमोर आहे. १० वाजता टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, खरेदीच्या नोंदी. साडेदहाला मेडिकलवाल्यांचा फोन, बँकेत द्यायला गेल्या वर्षीचं रिटर्न हवं. ११ ला सिलिंडर. साडेअकराला बेदाण्याच्या अडत्यांच्या रिटर्नचा ओटीपी पाठवला, ते सौद्यात, फोन उचलेनात. ओटीपी काही मिनिटंच टिकतो, तो गेला. पुन्हा पाठवला. त्यांनी सांगितला तो आधीचाच आकडा. १२ ला परत टॅली, आणि आपण कुठल्या बिलापर्यंत आलो होतो ते शोधण्यातच रकाना संपला. साडेबाराला कुकर. १ वाजता हार्डवेअरवाल्यांना बँक स्टेटमेंटची आठवण, गेल्या चार दिवसांतली कितवी तरी.

काही आठवडे असं लिहिल्यावर महिन्याची बेरीज मारली. प्रत्यक्ष रिटर्न भरायला वेळ थोडाच लागत होता. सगळ्यात मोठा रकाना निघाला "कागद मागणे", त्याच्या पाठोपाठ ओटीपी. घराबद्दल मी जे धरून चालले होते तेही वहीने बदललं. घरकामाचे तास जास्त होतेच, पण त्यांच्यापेक्षा घातक होते ते कामाच्या मधोमध पडणारे दहा-दहा मिनिटांचे तुकडे. दहा मिनिटांची हाक पूर्ण अर्धा तास खाऊन जात होती.

आधी पार्ट्यांकडे वळले. नवं आर्थिक वर्ष सुरू होत होतं, फी ठरवायची तीच वेळ असते. प्रत्येकाला लेटरहेडवर मराठीत एक पान दिलं. मागच्या महिन्याची बिलं आणि बँक स्टेटमेंट ५ तारखेपर्यंत. कागद आणून देण्याची वेळ सकाळी ११ ते दुपारी १, रविवार सोडून. ओटीपीचा फोन मी दुपारी ३ ते ४ मध्येच करणार, तेव्हा फोन जवळ ठेवा. ५ तारखेनंतर आलेल्या कागदांना नेहमीच्या फीच्या दीडपट. संध्याकाळी ६ नंतर ऑफिस बंद. ओटीपीची वेळ मी सौदे संपल्यानंतरची धरली, कारण लिलाव चालू असताना माणूस फोनकडे बघूच शकत नाही. त्यांची अडचण लक्षात घेऊन वेळ ठेवली, म्हणून ती पाळली गेली, असं मला ठामपणे वाटतं.

याच्या जोडीला एक तांत्रिक काम उरकलं. आदल्या वर्षी ५ कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांना दर महिन्याऐवजी तिमाहीला रिटर्न भरता येतं, ही सोय जानेवारी २०२१ पासून आहे. तिमाहीतल्या पहिल्या दोन महिन्यांसाठी पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत फक्त कराचा भरणा करायचा. एप्रिल ते जून या तिमाहीसाठी निवड करायची असेल तर ती ३० एप्रिलपर्यंत पोर्टलवर नोंदवावी लागते. ज्यांचा माल थेट गिऱ्हाइकाला जातो अशांना, म्हणजे मेडिकल आणि किरकोळ हार्डवेअरवाल्यांना, मी तिकडे वळवलं. अडत्यांना नाही वळवलं. त्यांच्याकडून घेणाऱ्या व्यापाऱ्यांना दर महिन्याला क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, दिसायला हवं असतं. तिमाहीवाल्यांनाही बिलं १३ तारखेपर्यंत वेगळी चढवता येतात खरी, पण मग माझं काम होतं तेवढंच राहतं. या एका बदलाने जेवढा वेळ मोकळा झाला, तेवढा कुणाला नाही म्हणून झाला नसता. आपल्या क्षेत्रातले नियम वेळेच्या अंगाने पुन्हा एकदा वाचून बघावेत, हे मी प्रत्येक सल्लागाराला सांगते.

एक जुने गृहस्थ मात्र दुखावले. "तुम्ही आता मोठ्या झालात वहिनी," म्हणाले आणि फाइल घेऊन गेले. वाईट वाटलं, कारण माझ्या सुरुवातीच्या दिवसांत त्यांनीच चार लोक पाठवले होते. त्यांचे कागद मी नीट लावून, पासवर्डची यादी करून दिली. बाकीच्यांनी दोन-तीन महिने कुरकुर केली. दीडपट फी एकदा लागल्यावर हळदवाले तर ५ तारखेच्या आधी येऊ लागले.

घरात हे इतकं सरळ नव्हतं. पार्टीला लेटरहेड देता येतं, सासूबाईंना काय देणार? मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ११ आणि २० ला लाल गोल केले आणि त्यांच्याजवळ बसून समजावलं की या दोन तारखांच्या आधीचे दिवस मला सलग हवेत. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग म्हणाल्या, "बाई, मी हाक मारली नाही तर तू दिवसभरात दिसतेस तरी का मला?" गॅसवाला, दूधवाला, औषधाची गोळी, ही सगळी निमित्तं होती. त्यांना माझ्याशी बोलायचं असायचं. तेव्हापासून ४ वाजताचा चहा आम्ही दोघी मागच्या पडवीत घेतो. मी फोन आत ठेवून जाते. त्या वेळेची खात्री झाली आणि सकाळच्या हाका जवळजवळ थांबल्या. आता शेजारच्या काकू आल्या तर सासूबाईच दारातून सांगतात, "आज वीस तारीख आहे, तिला उठवायचं नाही."

नवरा बँकेत आहे. त्याला मी काही बोलले नाही, वही हातात दिली आणि काही दिवस तूही लिही म्हटलं. त्याने प्रामाणिकपणे लिहिलं. दोन्ही पानं शेजारी ठेवली तेव्हा संध्याकाळी ७ ते ९ मध्ये माझ्या चारही रकान्यांत काम होतं आणि त्याच्यात बातम्या आणि मोबाइल. तो बराच वेळ पानाकडे बघत राहिला. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळचा कुकर आणि भाजी त्याने घेतली, भाकरी माझ्याकडे राहिली. पहिले काही दिवस मीठ-तिखट कमी-जास्त झालं. मी स्वयंपाकघरात गेले नाही. लक्ष घालायला गेलं की ते काम परत आपल्याच अंगावर येतं, हे मी आजूबाजूच्या घरांत पाहिलं आहे.

मुलीसाठी साडेपाच ते साडेसातला पुढची खोली. बेलचं बटण त्या वेळात बंद. मैत्रीणच आता आमच्याकडे येते.

यातलं सगळं टिकलं असं नाही. २०२५ मध्ये पगारदारांच्या रिटर्नची मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर केली गेली आणि शेवटी आणखी एक दिवस वाढली. मुदत वाढली की कागदही तेवढेच लांबतात. २७ ऑगस्टला गणपती बसले, गौरी आल्या-गेल्या, आणि अनंत चतुर्दशी झाल्याबरोबर जो लोंढा आला त्यात ६ वाजताचं बंधन काही राहिलं नाही. त्यात २२ सप्टेंबरपासून जीएसटीचे दर बदलले, जुन्या मालाचं काय, बिल कसं करायचं, असे फोन रात्री दहापर्यंत. तो महिना मी तसाच जाऊ दिला. व्यापारी खरोखर गोंधळले होते, आणि अशा वेळी उपयोगी पडणं हाच माझा धंदा आहे. ऑक्टोबरपासून पुन्हा ६.

व्यवस्थेचा खरा कस लागला तो सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला. डॉक्टरांनी दिलेली तारीख नेमकी १९. पूर्वी मी ती पुढे ढकलायला सांगितलं असतं. पण कागद ५ ला आलेले होते, टॅली झालेली होती, १४ ला टू-बी आल्या-आल्या खरेदी जुळवून घेतली आणि १८ च्या दुपारी ३ ते ४ मध्ये बहुतेक ओटीपी झाले. १९ ला मी दिवसभर त्यांच्यापाशी होते. डोळ्यावर पट्टी, तरी त्या विचारत होत्या, "तुझं वीस तारखेचं झालं ना गं?"

एक गाठ अजून सुटलेली नाही. नात्यातल्या सगळ्यांची रिटर्न्स मी पहिल्यापासून फुकट करते. पैशांचा प्रश्न नाही, पण त्यांचे कागद ३१ जुलैच्या आदल्या रात्रीच येतात आणि दीर-नणंदांना दीडपट फी सांगणं मला जमणार नाही. या वर्षी नवऱ्याने जबाबदारी घेतली आहे. फॉर्म १६, म्हणजे पगार आणि कापलेल्या कराचा नोकरीतून मिळणारा दाखला, १५ जूनपर्यंत हातात येतो. सगळ्यांकडून तो गोळा करून ३० जूनला मला एकत्र आणून देणं त्याचं काम. त्यानंतर आलेलं रिटर्न तो स्वतः बसून भरणार, मी फक्त तपासणार.

जूनमध्ये मुलगी दहावीत जाईल. तिची परीक्षा, १५ मार्चचा ॲडव्हान्स टॅक्स आणि वर्षअखेर, सगळं पाठोपाठ येणार. म्हणून कागद घेण्या-मागण्याच्या कामाला बी. कॉम. झालेली एक मुलगी येत्या एप्रिलपासून अर्धवेळ ठेवते आहे. बोलणी झाली तेव्हाच तिला सांगितलं, दुपारी ५ ला निघायचं, आणि त्यानंतर माझा फोन आला तरी दुसऱ्या दिवशी सकाळीच उचलायचा.