लस टोचली की गाय आटते का?

लम्पी म्हणजे गुरांच्या अंगावर गाठी आणणारा विषाणूचा रोग. त्याच्या लशीचा विषय निघाला की आमच्या गावात पहिला प्रश्न हाच येतो. "ताई, लस टोची का गाय आटी जास ना?" विचारणाऱ्याला मी कधीच अडाणी म्हणणार नाही. कापसाचा पैसा वर्षातून एकदा येतो, दुधाचा दर दहा दिवसांनी. किराणा, पोरांची फी, ढेपेचं पोतं, सगळं त्यातूनच चालतं. त्यामुळे दोन लिटर दूध तुटणार असेल तर माणूस लशीला "पुढच्या खेपेला पाहू" म्हणतो, आणि पहिली गाठ दिसेपर्यंत पाहतच राहतो.

मी अमळनेर तालुक्यात, बोरी नदीच्या काठी एका गावात दूध संकलन केंद्र चालवते. लग्नाआधी मायक्रोबायोलॉजीत बी.एस्सी. केलं होतं, म्हणून या विषयावर नवं काही छापून आलं की मी शोधून वाचते.

2022 च्या साथीत महाराष्ट्रात लम्पी पहिल्यांदा सापडला तो आमच्याच जळगाव जिल्ह्यात, रावेर तालुक्यातल्या चिनावलला, 4 ऑगस्ट 2022 रोजी. पुढे गुरांचे बाजार बंद झाले आणि त्या वर्षीचा पोळा लोकांनी आपापल्या गोठ्यातच केला. केंद्रावर बसून मला हा रोग आधी वहीत दिसायचा. गाठी उठायच्या आधी ताप चढतो आणि तापात दूध झपकन उतरतं. रोज सहा-सात लिटर घालणाऱ्या घरून एका सकाळी दोन लिटर आलं की मी विचारायची, "काकू, गाईने वैरण खाल्ली का?" काकू गप्प. मग मी गोठ्यात जाऊन मानेवर आणि खांद्यावर केसांच्या उलट्या दिशेने हात फिरवायची. आधी केसांचे छोटे पुंजके उभे राहिलेले दिसतात. त्यांच्याखाली चामडीत घट्ट, गोल, चिंचोक्याएवढं काहीतरी बोटाला लागतं. दोन दिवसांत तीच गाठ सुपारीएवढी होते. पुढे ती मधून सुकते, खपली सुटते आणि तिथे खड्डा पडतो. त्यात माशी बसली की अळ्या. पुढच्या पायांना सूज, तोंडाला लाळ, पायाजवळची लिंफ ग्रंथी लिंबाएवढी. विषाणूवर थेट औषध नाही. ताप उतरवायचा, जखमेत दुसरा संसर्ग होऊ द्यायचा नाही, पाणी पाजत राहायचं, एवढंच हातात.

त्या वर्षी देशभरात दीड लाखाहून जास्त जनावरं गेली. आपल्या राज्य सरकारने मदत दिली: गाईला 30,000, बैलाला 25,000, वासराला 16,000 रुपये. ती मिळाली हे बरंच झालं, पण तेवढ्यात चांगली दुभती संकरित गाय दावणीला येत नाही, हे दूध काढणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

तेव्हा आपल्या जनावरांना टोचली ती शेळ्यांच्या देवीची लस. शेळीच्या देवीचा विषाणू लम्पीचा सख्खा चुलत भाऊ, म्हणून तिचा उपयोग होतो, पण संरक्षण पूर्ण मिळत नाही. टोचलेल्या काही गाईंनाही गाठी आल्या, आणि "लस खोटी" ही ओरड तिथूनच सुरू झाली. माझ्या मते त्या वेळी दुसरं काही हाताशी नव्हतं आणि ती टोचली हे योग्यच केलं. फक्त ती कुठल्या रोगाची लस आहे हे लोकांना स्वच्छ सांगायला हवं होतं.

लम्पीची स्वतःची भारतीय लस हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या पशुवैद्यक संशोधन संस्थेसोबत तयार केली. नाव लम्पी-प्रोव्हॅकइंड, घोषणा 10 ऑगस्ट 2022. म्हणजे चिनावलच्या बातमीनंतर आठवड्याच्या आत! 2019 मध्ये लम्पी भारतात पहिल्यांदा आला, तेव्हा रांचीच्या जनावरांतून घेतलेला विषाणू त्यांनी प्रयोगशाळेत पेशींवर पन्नास वेळा पुन्हा पुन्हा वाढवला. एवढ्या फेऱ्यांत तो क्षीण झाला. शरीर त्याला ओळखायला शिकतं, पण तो रोग देत नाही.

आता मूळ प्रश्नावर येते. या लशीच्या मैदानी चाचण्या 26,940 जनावरांवर झाल्या आणि त्यांत 10,108 दुभती होती. दुधात म्हणण्यासारखी घट झाली नाही. 2,889 गाभण होती. लशीमुळे एकीचाही गर्भ पडला नाही. लशीमुळेच अंगावर गाठी उठल्या अशी जनावरं निघाली पाच. सव्वीस हजारांत पाच! त्याआधी प्रयोगशाळेत वासरांना लस देऊन महिन्याने मुद्दाम जहाल विषाणू टोचला होता, आणि त्या वासरांना पूर्ण संरक्षण मिळालं. मी हे आकडे मोठ्या अक्षरात लिहून केंद्रात फॅट मशीनच्या वर चिकटवले आहेत. दूध मोजेपर्यंत माणूस तिथे उभा असतोच, वाचतो. आमच्या गल्लीतल्या आप्पांनी वाचून विचारलं, "मग ही लस आपल्याकडे का नाही टोचत?" खरा प्रश्न हाच आहे. हे तंत्रज्ञान पुण्याच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेला देण्याचा करार डिसेंबर 2022 मध्ये नागपुरात झाला. पण गावात येणारी लस हीच असेल असं धरून चालू नका. दवाखान्यातून लस टोचायला माणूस आला की कुठली लस आहे हे त्याला विचारा. विचारायचा आपला हक्क आहे, आणि चांगला डॉक्टर बाटलीचं लेबल आनंदाने दाखवतो.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी 2022 च्या साथीतल्या विषाणूंचे 22 पूर्ण जनुकीय आराखडे वाचले. त्यांना 1,800 हून जास्त बदल दिसले आणि विषाणूचे दोन वेगळे प्रकार एकाच वेळी फिरत असलेले आढळले. त्यातला एक 2015 च्या रशियातल्या साथीशी जुळणारा. म्हणून नमुने घेत राहणं मला लस टोचण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. गाठ दिसली की लपवू नका, कळवा.

फेब्रुवारी 2025 मध्ये आणखी एका लशीला परवाना मिळाला, बायोव्हेट कंपनीच्या बायोलम्पीव्हॅक्सिनला. तिचा खास गुण असा की रक्त तपासून गाय लस घेतलेली आहे की रोगातून उठलेली, हे वेगळं सांगता येतं. वरखेडीच्या बाजारात जनावर घेऊन जाणाऱ्याला याचं मोल लगेच कळेल. आजवर घेणारा कानातला बिल्ला आणि मालकाचा शब्द यांवरच भरवसा ठेवत आला आहे.

या सगळ्यात वासरं मागे राहतात, हे मला सर्वांत जास्त खुपतं. चिकातून आईची प्रतिकारशक्ती मिळते, ती काही महिने टिकते आणि ओसरते. लसीकरणाची फेरी तोवर गावातून होऊन गेलेली असते. दिवाळीनंतर जन्मलेल्या वासरांना ना बिल्ला, ना लस. पावसाळ्यात चावऱ्या माशा आणि डास वाढले की रोग आधी त्यांनाच गाठतो. म्हणून यंदा दुधाच्या वहीत मागच्या पानांवर मी वासरांची यादी सुरू केली आहे: मालक, जन्माचा महिना, आणि लस टोचायची वेळ, म्हणजे चौथा महिना कधी संपतो. गाय व्यायली की आमच्याकडे चिकाचा खरवस वाटतात, त्यामुळे बातमी मला घरबसल्या कळते. ही यादी मृगाच्या आधी पशुधन पर्यवेक्षकांच्या हातात द्यायची आहे. तुमचं नाव राहिलं असेल तर उद्या सकाळी दूध घालायला याल तेव्हा सांगा.